मोशेपासून मोशेपर्यंत: एक हिब्रू नाव आणि ते लावणारे पंडित

उंबरठा (धागाकर्ता)

कामानिमित्त दोन वर्षं पोलंडमध्ये, क्राकोवला होतो. तिथे काझिमिएझ नावाची जुनी ज्यू वस्ती आहे. शेरोका रस्त्यावर रेमू सिनेगॉग, त्याला लागूनच कबरस्तान. नाझींनी तिथले बहुतेक दगड उखडले. जे थोडे जागेवर टिकले त्यांतला एक रब्बी, म्हणजे ज्यू धर्मपंडित, मोशे इस्सर्लेस यांचा, मृत्यू १५७२. थडग्यावर फुलं नसतात, लोक खडे ठेवून जातात. सोबतच्या पोलिश सहकाऱ्याला हिब्रू वाचता येत होतं. त्याने बोट ठेवून एक ओळ वाचून दाखवली: "मिमोशे आद मोशे लो काम के-मोशे." म्हणजे मोशेपासून मोशेपर्यंत मोशेसारखा दुसरा झाला नाही. पहिला मोशे तो बायबलमधला, इस्राएल लोकांना मिसरातून सोडवणारा, इंग्रजीत मोझेस.

मला वाटलं, वा, काय सुंदर ओळ या माणसासाठी घडवलीय! नंतर कळलं की ओळ उसनी आहे. मुळात ती रामबामची, म्हणजे बाराव्या शतकातला पंडित आणि वैद्य मोशे बेन मैमोन याची. पुढे अठराव्या शतकात बर्लिनचा तत्त्वज्ञ मोझेस मेंडेलसोन यालाही त्याच्या चाहत्यांनी ती लावली. बायबलमधल्या 'अनुवाद' पुस्तकाच्या अखेरीस (३४:१०) 'मोशेसारखा संदेष्टा इस्राएलात पुन्हा झाला नाही' अशा अर्थाचं वचन आहे, त्यावरची ही कोटी.

तेव्हापासून मोशे नावाचे पंडित गोळा करायचा नाद लागला. पहिला मान अर्थात इस्सर्लेसचा. पॅलेस्टाइनमधल्या सफेद गावच्या योसेफ कारोने धर्माचाराचा ग्रंथ लिहिला, नाव 'शुल्हान आरूख', म्हणजे मांडलेला मेज. हा स्पेनकडून आलेला, त्यामुळे रीतीभाती बऱ्याचशा तिकडच्या. पोलंड-जर्मनीच्या ज्यूंचं काय? इस्सर्लेसने कारोला झोडपलं नाही, दुसरा ग्रंथही उभा केला नाही. त्याच्याच ओळींमध्ये आपल्याकडच्या चाली घातल्या आणि या टिपणांना नाव दिलं 'मप्पा', म्हणजे मेजावरचं कापड. दोन्ही एकत्र छापले गेले आणि सगळ्यांना चालले.

एक उदाहरण आपल्या जिव्हाळ्याचं. वल्हांडणाच्या (पासओव्हर, मिसरातून सुटकेच्या) सणात भात चालतो का? कारो म्हणतो चालतो. इस्सर्लेसची टीप म्हणते, आमच्याकडे खायची चाल नाही. चारशे-साडेचारशे वर्षं झाली, अजून त्या टिपेपायी अर्ध्या घरांत आठवडाभर भात शिजत नाही.

बाकीचे मोशे हळूहळू. तुमच्याकडे कोण असतील तर टाका.

----

अर्धीवाटी

वाचनखूण साठवली. भात नाही म्हटल्यावर मी त्या धर्मात टिकलो नसतो.

----

पोथीनिशी

छान सुरुवात. पण नावाचा अर्थ राहिला, त्यावाचून पुढे जाणं बरं नाही.

बायबलातल्या 'निर्गम' पुस्तकात (२:१०) फारोची मुलगी म्हणते, मी याला पाण्यातून काढलं म्हणून हा मोशे. 'माशा' हा धातू, अर्थ ओढून काढणे. पण व्याकरण आडवं येतं. 'काढलेला' म्हणायचं तर 'माशुय' हवं होतं. 'मोशे' हे कर्तरी रूप, म्हणजे 'काढणारा'. जुन्या टीकाकारांनाही हे टोचलं होतं. त्यात आणखी प्रश्न असा की इजिप्तच्या राजकन्येला हिब्रू कुठून येणार? बाराव्या शतकातल्या अब्राहम इब्न एझ्राने सरळ लिहिलं की मूळ नाव इजिप्ती असणार, 'मोनिओस', आणि 'मोशे' हा त्याचा अनुवाद.

आजचे अभ्यासक 'मोस' या इजिप्ती शब्दाकडे बोट दाखवतात. अर्थ 'जन्मलेला', 'पुत्र'. थुतमोस म्हणजे थोथ देवाचा पुत्र, तसाच आहमोस. मोशेच्या नावातून देव गळला आणि नुसता 'पुत्र' उरला.

----

उंबरठा (धागाकर्ता)

@पोथीनिशी, 'काढणारा' हे माहीत नव्हतं. पुढे समुद्रातून लोकांना काढायचं होतं म्हणून आधीच कर्तरी रूप, अशी एक पारंपरिक समजूत घालता येईल.

----

तात्याटोपी

मला एक कोडं पडलंय. एवढा मोठा पुरुष, मग तालमुदातल्या, म्हणजे जुन्या धर्मचर्चांच्या त्या थोरल्या संग्रहातल्या, शेकडो रब्बींमध्ये मोशे कोण? हिलेल आहे, अकिवा आहे, शिमोन आणि योसे तर ढिगाने. मोशे?

----

पोथीनिशी

बरोबर पकडलंत. जवळजवळ नाहीच. अब्राहम, दावीद, शलमोन हीही नावं तिथे सापडत नाहीत म्हटलं तरी चालेल. त्या काळी पॅलेस्टाइनमध्ये खपणारी नावं शिमोन, योसेफ, यहूदा, एलाझार. कारण ठामपणे कुणी सांगितलेलं नाही. मोठ्यांचं नाव लेकराला लावून ते खाली आणू नये असा संकोच असावा, हा एक तर्क. आपल्याकडे जुन्या घरांत आजेसासऱ्यांचं नाव नातवाला ठेवलं की सुना ते उच्चारत नसत, 'बाळ'च म्हणत, ते आठवलं.

नाव वर येतं तालमुदानंतर. नवव्या शतकात बगदादजवळच्या सुरा पीठावर मोशे नावाचा गाओन, म्हणजे पीठाधीश, दिसतो. त्यानंतर मात्र रांगच लागते.

----

निळीशाई

त्या रांगेत माझा आवडता मोशे बेन हानोख. दहावं शतक. गोष्ट अब्राहम इब्न दाऊदने ११६०-६१च्या सुमारास लिहून ठेवलीय, इतिहासकार ती खरी धरत नाहीत, पण गोष्ट म्हणून ऐका.

चार पंडित जहाजातून चाललेले. कोर्दोबाच्या खलिफाच्या आरमारप्रमुखाने जहाज धरलं. मोशेची बायको बरोबर होती, देखणी. सरदाराची नजर फिरली. तिने नवऱ्याला हिब्रूत विचारलं, समुद्रात बुडून मेलेले पुनरुत्थानाच्या दिवशी उठतील का? त्याने स्तोत्रातलं वचन म्हटलं: समुद्राच्या तळातून मी परत आणीन, असं प्रभू म्हणाला. तिने उडी टाकली.

पंडित वेगवेगळ्या ठिकाणी विकले गेले. मोशे कोर्दोबाला आला, तिथल्या ज्यूंनी पैसे भरून सोडवला, कोण आहे हे न कळता. गोणपाट पांघरून पाठशाळेच्या कोपऱ्यात बसायचा. एक दिवस तिथले न्यायाधीश नाथान एका उताऱ्यावर अडखळले आणि कोपऱ्यातून उत्तर आलं. मग प्रश्नावर प्रश्न. बाहेर पक्षकार ताटकळलेले. नाथान उठून बाहेर गेले आणि म्हणाले, आजपासून मी न्यायाधीश नाही, तो गोणपाटातला माणूस माझा गुरू, त्याला नेमा.

गोष्टीचा हेतू उघड आहे. विद्येची गादी बगदादहून स्पेनला आली, हे सांगायचंय. पण ती बाई मनातून जात नाही.

----

अर्धीवाटी

हे वाचून गप्प झालो.

----

सिंहगडरोड

कोर्दोबा म्हटलं की रामबाम आलाच. जन्म तिथलाच, ११३५. धागाकर्ते त्याच्यावर दोन ओळींत आटपताहेत, हे काही बरोबर नाही.

----

पोथीनिशी

११३८. खूप ठिकाणी ११३५ छापतात, पण मिश्नावरच्या (तालमुदाचा मूळ गाभा असलेल्या ग्रंथावरच्या) भाष्याच्या शेवटी त्याने स्वतः लिहिलंय की तेविसाव्या वर्षी सुरू केलं आणि तिसाव्या वर्षी इजिप्तमध्ये संपवलं. ते साल ११६८ येतं. वजाबाकी करा.

----

सिंहगडरोड

मान्य. पेठेत शिकलो असून वजाबाकीत मार खाल्ला.

----

उंबरठा (धागाकर्ता)

@सिंहगडरोड, आटपत नव्हतो, वेळ मिळाल्यावर लिहायचं ठेवलं होतं. घ्या.

तो दहा वर्षांचा असताना, ११४८मध्ये, उत्तर आफ्रिकेतून आलेल्या अल्मोहाद या कट्टर मुस्लिम राजवटीने कोर्दोबा घेतलं. धर्म बदला नाहीतर निघा. कुटुंब भटकत भटकत मोरोक्कोत फेझला, तिथून ११६५मध्ये अक्रेला आणि शेवटी इजिप्तमधल्या फुस्तातला, म्हणजे जुन्या कैरोत. या वणवणीतच ते मिश्नावरचं भाष्य झालं. काही टिपणं गलबतावर लिहिल्याचं तो स्वतः सांगतो. मग 'मिश्ने तोरा', चौदा भाग, सगळा धर्माचार विषयवार लावलेला, सोप्या हिब्रूत. मग 'भांबावलेल्यांसाठी मार्गदर्शक', हा अरबीत पण हिब्रू अक्षरांत. अॅरिस्टॉटल वाचून ज्याची श्रद्धा आणि बुद्धी एकमेकींशी भांडायला लागलीय, त्या शिष्यासाठी.

पोटापाण्याला वैद्यकी. सलाहुद्दीनचा वजीर अल-फादिल याच्या पदरी. ११९९मध्ये अनुवादक शमुएल इब्न तिब्बोनने भेटायला येऊ का विचारलं, तेव्हाचं उत्तर प्रसिद्ध आहे. सकाळी कैरोत सुलतानाच्या वाड्यात जातो. दुपार उलटल्यावर उपाशी घरी येतो तर ओसरी माणसांनी भरलेली, ज्यू आणि परके, श्रीमंत-गरीब, मित्र आणि शत्रू. हातपाय धुतो, त्यांची माफी मागतो, चार घास खातो, दिवसातलं तेवढंच एक जेवण. मग रात्रीपर्यंत औषधं लिहितो, शेवटी आडवा पडून. थोडक्यात, बाबा रे, येऊ नकोस.

----

खाडीपलीकडे

आता माझा नंबर. अलिबाग तालुक्यातली, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. घरात मराठी, सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणायचो, आजीचं सगळं तेलघाण्याचं गाव. 'शनवार तेली' हे नाव इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक असेल, शनिवारी घाणा बंद म्हणून.

तुम्ही सगळे मोशे-मोशे करताय. आमच्याकडे तो मुसाजी. अब्राहमचा अब्राजी, शमुएलचा सामाजी, एलियाहूचा एलोजी, यहेज्केलचा हसाजी, दावीदचा दाऊदजी. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६मध्ये बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर म्हणजे शमुएल यहेज्केल. वर आडनाव गावावरून. पुढे शाळा-मिशन आल्यावर मुसाजींचे मोझेस झाले. आमच्या घरातल्या जुन्या कागदांत एकाच माणसाची दोन्ही नावं आहेत, सही बदललेली, वळण तेच.

आणि रामबामचा आमच्याशी संबंध आहे, तो कुणी लिहिला नाही म्हणून नाराज आहे.

----

उंबरठा (धागाकर्ता)

खाडीपलीकडे, तुम्हीच लिहा. वाट बघतोय.

----

खाडीपलीकडे

दोन धागे आहेत. एक कडू.

रामबामचा धाकटा भाऊ दावीद. हिरेमाणकांचा व्यापारी, घर तोच चालवायचा, म्हणून मोशेला ग्रंथ लिहायला फुरसत. दावीदचं एक पत्र कैरोच्या गेनिझात सापडलंय. गेनिझा म्हणजे सिनेगॉगमधली जुने कागद टाकायची खोली. देवाचं नाव असलेला कागद जाळत नाहीत, म्हणून तिथे साठत गेले. पत्र तांबड्या समुद्रावरच्या ऐधाब बंदरातून. वाळवंटातून कसेबसे पोचलो, इथे घेण्यासारखा माल नाही, म्हणून आता हिंदुस्थानकडे निघतोय, काळजी करू नका, अशा अर्थाचं. हिंदुस्थानच्या त्याच वाटेवर तो बुडाला. आपल्या या समुद्रात.

मोशेने पुढे आठ वर्षांनी अक्रेच्या एका मित्राला लिहिलं की माझ्यावर आलेल्यांत हे सगळ्यात मोठं संकट. माझा, त्याचा आणि लोकांचा पैसा घेऊन तो हिंदच्या समुद्रात बुडाला, मागे विधवा आणि लहान मुलगी. बातमी आल्यावर वर्षभर तापाने अंथरुणाला खिळलो होतो. त्याचं अक्षर पुस्तकात दिसलं की अजून पोटात कालवतं. वैद्यकी अंगावर पडली ती यानंतर.

आणि कडू धागा. म्हातारपणी त्याने फ्रान्समधल्या ल्युनेलच्या पंडितांना पत्र लिहिलं, जगात विद्या कुठे कुठे उरलीय याबद्दल. त्यात हिंदुस्थानातल्या ज्यूंविषयी म्हणतो, त्यांना लेखी शास्त्र ठाऊक नाही, धर्म म्हणजे शब्बाथ (शनिवारची विश्रांती) पाळणं आणि आठव्या दिवशी सुंता, बाकी काही नाही.

माझ्या वडिलांना हे कुणी दाखवलं तेव्हा ते चिडले नाहीत. म्हणाले, दोन गोष्टी तरी आठवणीत होत्या ना? घाणा शनिवारी बंद होता ना?

----

तात्याटोपी

मग 'दावीद रहाबी' म्हणजे हाच भाऊ, असं मी ऐकलंय. बुडाला नाही, कोकणात पोचला आणि तुम्हाला धर्म शिकवला.

----

खाडीपलीकडे

ऐकलेलं मीही आहे, लहानपणापासून. रहाबी आला, बायकांना मासे रांधायला दिले, त्यांनी खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे वेगळे काढले, तेव्हा त्याने ओळखलं की ही आपलीच माणसं. मग झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घरांतल्या माणसांना शिकवून काजी केलं. गोष्ट आमची आहे आणि ती मी सोडणार नाही. पण रामबामचा भाऊ तो नव्हे. भाऊ बुडाल्याचं सख्ख्या भावानेच लिहिलंय. कोचीनच्या रहाबी घराण्यातला अठराव्या शतकातला दावीद, हे अभ्यासकांचं म्हणणं मला जास्त पटतं. मोठ्या नावाशी सोयरीक जुळवायची हौस सगळ्यांनाच असते.

----

सिंहगडरोड

+१. हौसेबद्दल विशेष.

----

निळीशाई

या रामबामचा जुळा वाटावा असा दुसरा, रामबान. रब्बी मोशे बेन नाहमान. एका अक्षराचा फरक, परीक्षेत पोरं हमखास चुकत असणार. हिब्रूत आद्याक्षरांची अशी नावं पाडायची पद्धतच आहे: इस्सर्लेस तो 'रेमा', सफेदचा मोशे कोर्दोवेरो 'रामाक', पादुआचा मोशे हाईम लुझ्झातो 'रामहाल'. आपण नाही का गदिमा म्हणत.

रामबान गिरोनाचा, ११९४चा. रामबामबद्दल त्याचं मन दुभंगलेलं. 'मार्गदर्शक'मध्ये म्हटलंय की यज्ञबळी ही देवाने माणसांच्या सवयीला दिलेली सवलत होती, मूर्तिपूजेतून एकदम बाहेर काढता येत नव्हतं म्हणून. रामबान बायबलातल्या 'लेवीय' पुस्तकावरच्या भाष्यात त्याला 'पोकळ शब्द' म्हणतो. पण १२३२च्या सुमारास फ्रान्समधल्या रब्बींनी रामबामच्या ग्रंथांवर बहिष्काराची भाषा केली, तेव्हा त्यांना लांबलचक पत्र लिहून आवरणारा हाच. मतभेद घरात, बाहेर नाही.

१२६३मध्ये बार्सिलोनाला अरागोनच्या राजासमोर वाद झाला. समोर पाब्लो क्रिस्तियानी, ज्यूचा ख्रिस्ती झालेला. विषय, मसीहा, म्हणजे तारणारा, येऊन गेला की यायचाय. रामबानने आधी मोकळं बोलायची परवानगी मागून घेतली. त्याच्याच वृत्तांताप्रमाणे राजाने शेवटी तीनशे नाणी दिली आणि म्हणाला, चुकीची बाजू इतकी छान मांडलेली पाहिली नव्हती. पण वृत्तांत लिहिला हाच गुन्हा ठरला आणि सत्तरीच्या म्हाताऱ्याला देश सोडावा लागला. १२६७मध्ये जेरुसलेमला पोचला तर गावात ज्यूंचं घर किती? रंगाऱ्याचा धंदा करणारे दोन भाऊ. शब्बाथला त्यांच्याकडे जेमतेम दहा माणसं जमायची. पत्र मुलाला लिहिलंय, वाचवत नाही.

----

चष्मेबद्दूर

मेंडेलसोनबद्दल कुणीच बोलेना. १७४३मध्ये चौदा वर्षांचा, पाठीला कुबड असलेला पोरगा देसाऊहून चालत बर्लिनला आला. वीस वर्षांनी बर्लिन अकादमीच्या निबंधस्पर्धेत पहिला. दुसरा कोण? कांट. पुढे अकादमीने त्याला सभासद निवडलं, तर राजा फ्रेडरिकने मान्यताच दिली नाही. तोराचा, म्हणजे बायबलातल्या पहिल्या पाच पुस्तकांचा, जर्मन अनुवाद केला, पण हिब्रू अक्षरांत छापला, म्हणजे ज्यू पोरांनी शास्त्र वाचता वाचता जर्मन शिकावं.

आपल्याकडे ज्ञानेश्वरांनी केलं तेच हे.

----

पोथीनिशी

नाही हो. ज्ञानेश्वरांनी लोकांच्या भाषेत आणलं. मेंडेलसोनने लोकांची घरची बोली यिद्दिश बाजूला सारून त्यांना शेजाऱ्यांच्या भाषेत नेलं. दिशा उलटी.

आणि म्हणूनच त्याचा कट्टर विरोधक दुसरा मोशेच निघाला. प्रेसबर्गचे, म्हणजे आजच्या ब्रातिस्लाव्हाचे, मोशे सोफेर, 'हताम सोफेर'. मूळ फ्रँकफुर्टचे. 'नवं ते तोरानेच निषिद्ध' हे त्यांचं घोषवाक्य. मूळ वचन नव्या पिकाच्या धान्याबद्दलचं, यांनी ते सगळ्या नव्यालाच लावलं. मृत्युपत्रात मुलांना बजावलंय की 'रमद'च्या पुस्तकांना हात लावू नका. रमद म्हणजे रब्बी मोशे देसाऊ. मेंडेलसोनच.

----

चष्मेबद्दूर

दिशेचा मुद्दा मान्य. पण मग ही आगरकर-टिळक जोडी झाली की.

----

पोथीनिशी

ते एका वाड्यातले. हे दोघे कधी भेटल्याचं ठाऊक नाही; मेंडेलसोन १७८६मध्ये गेला तेव्हा सोफेर तेवीस वर्षांचे. गंमत बघा, शिवी द्यायची तरी आद्याक्षरांचा मान देऊनच दिली.

----

तात्याटोपी

विसाव्या शतकात कोणी?

----

निळीशाई

न्यूयॉर्कचे मोशे फाइनस्टाइन, मृत्यू १९८६. रशियातून निघून तीसच्या दशकात अमेरिकेत. लोक फोनवर, पत्राने शंका विचारायचे: कृत्रिम गर्भधारणा, दूध डेअरीचं चालेल का, शब्बाथला विजेचं बटण घड्याळावर लावून ठेवावं का. उत्तरांच्या संग्रहाचं नाव 'इग्रोत मोशे', म्हणजे मोशेची पत्रं. लोक विचारायचे म्हणून अधिकार.

----

अर्धीवाटी

मराठीत कुणी मोशे?

----

खाडीपलीकडे

रामबामच्या तोडीचा मागू नका. पण एक आहे. १८७४मध्ये पुण्यात, विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात एक हग्गादा छापली गेली. हग्गादा म्हणजे वल्हांडणाच्या रात्री जेवणाआधी घरात वाचायची पोथी, मिसरातून सुटकेची. एका बाजूला हिब्रू, शेजारी मराठी, आणि चित्रंही. छापवून घेणारे दोघे: मोझेस याकोब तळकर आणि आरोन दानिएल तळकर. मोशे आणि अहरोन, बायबलातल्या त्या दोघा भावांचीच नावं! ठरवून केलं असतं तरी इतकं जमलं नसतं. त्याआधी, १८३२मध्ये, मिशनरी जॉन विल्सनने आमच्या लोकांसाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं होतं. हेतू त्याचा वेगळा होता. आमच्या लोकांनी हिब्रू घेतलं आणि बाकीचं त्याच्याकडेच ठेवलं.

आता या पोथीतली एक गोष्ट. सुटकेची सगळी कथा आहे, दहा पीडा आहेत, समुद्र दुभंगतो. पण मोशे? पारंपरिक हग्गादेत त्याचं नाव फक्त एकदा येतं, तेही दुसऱ्याच मुद्द्यासाठी उचललेल्या वचनाच्या शेपटाला: लोकांनी देवावर आणि त्याचा सेवक मोशे याच्यावर विश्वास ठेवला. सुटका देवाने केली, माणसाची पूजा होऊ नये, असं त्याचं कारण सांगतात.

लहानपणी आम्हा भावंडांत पैज असायची, ते नाव येईल तेव्हा जो आधी बोट ठेवेल त्याला पहिलं चांदण मिळायचं. चांदण म्हणजे आमची वडी, गव्हाच्या चिकाची नाही हं त्या दिवशी, तांदळाच्या पिठाची. रेमाची टीप आमच्यापर्यंत पोचलीच नव्हती. धाकटा भाऊ फसवायचा, पान आधीच दुमडून ठेवायचा.

----

उंबरठा (धागाकर्ता)

कृती टाका. तांदळाच्या चांदणाची.

----

खाडीपलीकडे

वेगळा धागा काढते. नारळ ओला लागेल, एवढं आत्ताच सांगून ठेवते.